सेन्सर म्हणतो पाणी द्या, दादा म्हणतो वाफसाच नाही. कोणाचं ऐकू?

शनिवारचा शेतकरी (ऐरोली)
९ एप्रिल

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबट आहे, आधीच सांगतो.

मी ऐरोलीत राहतो, ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. घरची शेती मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या बाजूला. ती बघतो दादा. मी शनिवारी फर्स्ट शिफ्ट सुटली की कल्याणमार्गे गावी आणि रविवारी रात्री परत. जानेवारीच्या शेवटी भाताच्या खाचरात २० गुंठे भेंडी लावलीय. ठिबक आहे: दोन नळ्यांत १.२ मीटर, ड्रीपर ४० सेंटिमीटरवर, ताशी २ लिटरचे. दिवसाआड तोडा असतो, क्रेट टेम्पोने वाशीला जातात.

यंदा माझ्याच डोक्यात खूळ आलं की पाणी मोजून द्यायचं. १४ हजारांचा सेट घेतला: जमिनीत खोचायचे दोन कपॅसिटिव्ह सेन्सर, वर सोलरचा डबा, आत सिम. (कोणाचा ते विचारू नका, भांडण त्यांच्याशी आहे की माझ्याशी ते अजून ठरायचंय.) एक सेन्सर अर्ध्या फुटावर, दुसरा एक फुटावर. गावात रेंज फक्त बांधावरच्या आंब्याखाली, म्हणून डबा आंब्याला बांधला आणि तिथून भेंडीपर्यंत वायर ओढली. ऐरोलीत बसून भेंडीची तहान मोबाईलवर दिसते, याचं मला पहिले आठ दिवस फार कौतुक होतं.

आता अडचण. वरचा सेन्सर २४ ते २६ टक्क्यांच्या पुढे जात नाही. अ‍ॅपवर लाल पट्टी, ‘पाणी द्या’. खालचा ३४ वर बसलाय तो बसलाच, तीन आठवड्यांत एक टक्काही हललेला नाही. दादा वाफ्यात बोटं खुपसतो, मूठ वळतो, तो गोळा माझ्या तोंडासमोर धरतो आणि म्हणतो, “वाफसाच आलेला नाही, पाणी कसलं मागतोय तुझा मीटर?” म्हणजे जादाचं पाणी अजून निथळलेलंच नाही. पण पैसे मी घातलेत, म्हणून बिचारा ऐकतोय. रोज अडीच तास ठिबक चालवतोय. ज्या आठवड्यात थ्री फेज रात्रीची असते तेव्हा दोन वाजता उठून.

आणि भेंडी? दुपारी बारानंतर पानं लोंबतात. खालची पानं पिवळी पडायला लागलीत, फूलगळ दिसतेय. मी म्हणतो बघ, सेन्सर खरं सांगतोय, झाडाला पाणी कमी पडतंय. वहिनी म्हणते, “तोडा करताना आमचे पाय चिखलात जातात आणि भावजींना कोरडं दिसतंय!”

तर जाणकारांनी सांगावं: आकडा खरा की मूठ खरी?


बोअरला पाणी नाही (भिवंडी)

१४ हजार पाण्यात. म्हणजे पाण्यातही नाही, तुमच्या अ‍ॅपच्या मते कोरड्यात! आमच्या आज्याने सेन्सर न लावता आयुष्यभर काकडी पिकवली. दादाचं ऐका, विषय संपला.


शनिवारचा शेतकरी (ऐरोली)

दादा, तुमच्या आज्याने मोटेने पाणी काढलं असेल. एक-एक मोट बैलाच्या आणि त्याच्या अंगावर पडायची, जास्त द्यायची सोयच नव्हती. आज बटण दाबून आमचा दादा झोपायला जातो आणि वॉल्व्ह उघडाच राहतो. म्हणून हा खटाटोप.


द्राक्षवाला (दिंडोरी)

आमच्याकडे बागेत टेन्शिओमीटर बरीच वर्षं आहेत. पाण्याने भरलेली नळी, खाली सच्छिद्र मातीचं टोक, वर व्हॅक्युमचं घड्याळ. जमीन कोरडी होत गेली की ती नळीतलं पाणी ओढते आणि काटा चढतो. त्यात टक्के-बिक्के नाहीत. मुळाला पाणी ओढायला किती जोर लावावा लागतोय, तेवढंच तो सांगतो. शून्याजवळ म्हणजे चिंब. भारी जमिनीत ४०-५० सेंटिबारला पाणी सोडतो, हलक्या रेताड जमिनीत २०-२५ लाच सोडावं लागतं. ८० च्या आसपास गेला की नळीत हवा शिरते आणि यंत्र बंद पडतं, परत भरावं लागतं. भरताना पाणी उकळून गार केलेलं घ्यायचं, नाहीतर बुडबुडे छळतात.

सांगायचा मुद्दा, मला तुमच्या २५ टक्क्यांचा अर्थ लागत नाही. वाळूत २५ टक्के म्हणजे चिखल. काळ्या चिकण मातीत २५ टक्के म्हणजे झाड मरायला टेकलं. अ‍ॅपला तुमची माती कुठली ते सांगितलं होतं का?


शनिवारचा शेतकरी (ऐरोली)

अ‍ॅपमध्ये ‘क्ले, लोम, सँड’ (चिकण, पोयटा, वाळू) असे तीन पर्याय होते. मी लोम दाबलं. मधलं म्हणून.


माती आणि मी (नौपाडा, ठाणे)

मधलं म्हणून! हे वाचून दोन मिनिटं हसलो, राग मानू नका. मी नोकरीभर माती तपासली, आता निवृत्त आहे. जरा सविस्तर लिहितो.

तुमचा सेन्सर पाणी मोजत नाही. तो पात्याभोवतीचा पदार्थ विजेचा भार किती धरतो ते बघतो. पाण्याचा तो गुणांक ८० च्या आसपास, कोरड्या मातीचा ३ ते ५, हवेचा १. फरक एवढा मोठा आहे म्हणूनच ही युक्ती चालते. पण त्याच कारणाने पात्याला चिकटून केसभर जरी हवेची फट असली तरी आकडा धाडकन खाली येतो, कारण पात्याला सगळ्यात जास्त दिसतं ते अगदी लगतचं. तुमची माती भाताच्या खाचरातली, म्हणजे चिकण, वाळली की आकसणारी, भेगा पडणारी. सेन्सर तसाच दाबून घुसवलात का? माझा अंदाज, हो.

दुसरं, दुपारी पानं लोंबणं हा तहानेचा पुरावा नाही. एप्रिलच्या उन्हात मुरबाडकडे भरपूर पाणी असलेली भेंडीही दुपारी मान टाकते. पहाटे सहाला बघा. पहाटेही पानं ताठ झाली नसतील तर काळजी. आणि अतिपाण्यात मुळांना हवा मिळाली नाही तर मुळं पाणी ओढूच शकत नाहीत. झाड पाण्यात उभं राहून सुकतं. खालून पिवळं पडणं, फूलगळ, वरून लोंबणं, हे सगळं त्यात बसतं.

तिसरं, तुमच्या २० गुंठ्यांत ४,२०० च्या आसपास ड्रीपर असणार. ताशी २ लिटरने तासाला ८,४०० लिटर, म्हणजे त्या क्षेत्रावर साधारण ४.२ मिलिमीटर. अडीच तासांत साडेदहा मिलिमीटर. या दिवसांत वाढलेल्या भेंडीला रोज ६ मिलिमीटरच्या आसपास पुरावेत. उरलेलं चार-साडेचार मिलिमीटर रोज कुठे जातंय?

आता तुमचा तो न हलणारा खालचा सेन्सर. मला तोच सगळ्यात बोलका वाटतो. वर रोज एवढं पाणी ओतताय आणि एक फुटावर हालचाल नाही, म्हणजे पाणी तिथे पोचतच नाही. वर्षानुवर्षं चिखलणी केलेल्या खाचरात वीतभर खाली घट्ट थर बसलेला असतो. पहार मारून बघा, आवाज बदलेल.

आकडा खरा की मूठ, हे घरीच तपासता येतं. ठरावीक मापाच्या नळकांड्याने माती काढा, वजन करा, पूर्ण वाळवा, पुन्हा वजन करा. प्रयोगशाळेत आम्ही १०५ अंशांवर २४ तास ठेवतो, तुम्ही कढईत मंद आचेवर वजन उतरायचं थांबेपर्यंत भाजा. जितके ग्रॅम उतरले तितके मिलिलिटर पाणी. त्याला नळकांड्याच्या आकारमानाने भागा.


आसनगाव लोकल (शहापूर)

भाऊ, आधी एक बघा: पानाच्या शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा असं असेल तर तो केवडा, त्याचा पाण्याशी संबंध नाही, ती झाडं उपटून टाका. पूर्ण पानच खालून पिवळं होत असेल तर वरच्या काकांनी सांगितलंय तेच.

आमचं शहापूरला एक एकर, मी आणि सासूबाई करतो, मी नोकरी सांभाळून. आमच्याकडे कोइमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेने काढलेला तो दिव्यांचा ओलावा-दर्शक आहे. दोन काड्या मातीत खोचायच्या, निळा लागला तर भरपूर ओल, हिरवा पुरेशी, नारिंगी कमी, लाल एकदमच कमी. आकडा नाही, अ‍ॅप नाही, रेंज लागत नाही. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही पण “आज नारंगी हाय” हे त्या मला फोनवर सांगतात. गंमत म्हणजे पहिल्या आठवड्यात त्या रंग बघायच्या आणि मग माती हातात घेऊन खात्री करायच्या. आता आधी माती हातात घेतात आणि रंग बघून माझ्याकडे असं बघतात की बघ, मी म्हटलं होतं. एकाच जागी खोचू नका, चार ठिकाणी खोचून बघा. आमच्या वरच्या बांधालगत लाल आणि खालच्या कोपऱ्यात निळा, एकाच सकाळी.


शनिवारचा शेतकरी (ऐरोली)
१४ एप्रिल

झालं ते सांगतो, हसायचं तर हसा.

शनिवारी तीन इंची पीव्हीसी पाईपचा साडेदहा सेंटिमीटरचा तुकडा कापला, कड कानसेने धारदार केली. पाणी भरून मोजलं तर बरोबर ४०० मिलि. सेन्सरशेजारची वरची चार बोटं माती बाजूला केली आणि लाकडाचा ठोकळा ठेवून तुकडा ठोकला. निघालेली माती ७०० ग्रॅम. मग वहिनीची जुनी कढई. माती ढवळत पाऊण तास बसलो, वास सुटला पहिल्या पावसासारखा. वहिनी म्हणाली, “आज भाजतोय, पुढच्या शनिवारी फोडणी देईल.” वजन ५४४ वर थांबलं. म्हणजे १५६ मिलि पाणी, ४०० पैकी. ३९ टक्के!

त्याच वेळी मोबाईलवर २५.

सेन्सर उकरून काढला. पात्याच्या एका बाजूला मातीने अंग सोडलं होतं, एटीएम कार्ड सहज सरकेल एवढी फट. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मीच कोरड्या मातीत दाबून घुसवला होता. सुरुवातीला नीट बसला असेल, पुढे भेग पडली.

मला खरी लाज कशाची वाटली ते सांगतो. कंपनीत मी कुठलाही ट्रान्समीटर झीरो-स्पॅन, म्हणजे मापाचं खालचं आणि वरचं टोक, तपासल्याशिवाय लाईनवर घेत नाही. वीस वर्षांत घेतलेला नाही. हाताखालच्या पोराने घेतला तर त्याला शिफ्टभर ऐकवतो. आणि घरच्या शेतात डबा उघडला, खोचला आणि आकडा देवाचा समजलो. दादा रात्री दोनला उठून पाणी देत होता ते माझ्या या आकड्यावर.

त्याला सांगितलं. तो काही बोलला नाही, चहा पीत होता. जरा वेळाने म्हणाला, “मग आता झीरो कुठाय ते शोध.”

पहारही मारली. सात इंचांवर ठण्ण. दोन झाडं उपटली तर मुळं तिथपर्यंत जाऊन आडवी वळलेली. काका, तुम्ही नौपाड्यात बसून कसं सांगितलंत? आता हा थर सबसॉयलरने (ट्रॅक्टरच्या खोल नांगराने) फोडून घेऊ का?


माती आणि मी (नौपाडा, ठाणे)

अजिबात नको! त्याच खाचरात जूनमध्ये भात लावणार ना? तो थरच पावसात पाणी धरून ठेवतो. फोडलात तर भेंडी खूश होईल आणि भात रडेल. पुढच्या वर्षी भेंडीसाठी गादीवाफे उंच करा, मुळांना वर जागा मिळेल. यंदा एवढंच लक्षात ठेवा की तुमची टाकी उथळ आहे, एका वेळी थोडंच मावतं. म्हणून रोज द्या, पण थोडं. सव्वा तास-दीड तास.

सेन्सर परत लावताना तिथलीच माती बारीक करून पाण्यात कालवा, डोशाच्या पिठासारखी. भोकात ती रबडी ओता आणि मग पातं घाला. ड्रीपरच्या थेट खाली नको आणि दोन ओळींच्या मधोमधही नको, ड्रीपरपासून वीतभर. चार दिवस त्याच्या आकड्याकडे बघू नका, रबडीचं पाणी मुरू द्या.

झीरो-स्पॅन हा शब्द आवडला. तुमचा वरचा आकडा म्हणजे वाफसा: जादाचं पाणी निघून गेलं, हवा आत आली, माती मुठीत वळते पण हाताला चिकटत नाही. पुस्तकात त्याला काहीही म्हणोत, शेतकऱ्याला तो हाताने कळतो. दादांचा हात हाच तुमचा कॅलिब्रेटर. ते ज्या सकाळी म्हणतील “आला वाफसा”, त्या वेळचा आकडा लिहून ठेवा. खालचा आकडा झाड सांगेल.


बोअरला पाणी नाही (भिवंडी)

म्हणजे शेवटी दादाच बरोबर. मी पहिल्याच दिवशी फुकटात सांगितलं होतं.


शनिवारचा शेतकरी (ऐरोली)
१२ मे

चार आठवडे शांत होतो, शिफ्ट बदलली होती. आता हिशोब देतो.

रबडी करून सेन्सर लावला. सेन्सरच्या ओळीसकट कडेच्या चार ओळींचे कॉक बंद केले, बाकी प्लॉट चालू ठेवला. सुरुवातीचा आकडा ४०. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादाने मूठ वळली, म्हणाला आला. मोबाईलवर ३५. लिहिलं. मग कॉक तसेच बंद ठेवले. रेघ बघायला मजा येते हो: दिवसा उतरते, रात्री सपाट, पुन्हा दिवसा उतरते, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. पहिली पायरी पाचेक टक्क्यांची, ३० वर आली. त्यानंतरची लहान, २६ ला टेकली, आणि त्याच्या पहाटे दादाने फोन केला की कडेच्या ओळींची पानं सकाळीही ढिली आहेत. लगेच पाणी सोडायला सांगितलं. तर आमच्या खाचराचे आकडे: वर ३५, आणि ३० च्या खाली जाऊ द्यायचं नाही. अ‍ॅपमधली लाल पट्टी मी बंदच केली. कागदावर स्केचपेनने दोन आकडे लिहून मोटारीच्या पेटीत चिकटवलेत.

पाणी अडीच तासांवरून एक तास वीस मिनिटांवर आणलं. नवीन पानं हिरवी येतायत, फूलगळ थांबली, पण मधले दोन-तीन तोडे पार बसले ते बसलेच. ते माझ्या नावावर.

पण भिवंडीवाले दादा, एक गोष्ट तुम्हालाही सांगायची राहिली. खालचा निरुपयोगी सेन्सर काढून मी प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला, नळीच्या शेवटी लावला. तिथे आकडा कायम चार-पाचने कमी. पुन्हा फट असेल म्हणून कढई काढली, तर या वेळी आकडा खरा निघाला. शेवटच्या बाजूचे अकरा ड्रीपर अर्धवट चोंदलेले. दादा रोज मोटारीच्या बाजूने शेतात शिरतो, मूठ तिथेच वळतो, त्या टोकाला त्याचा हात कधी पोचलाच नव्हता. त्याला दाखवलं तर म्हणाला, “मीटर लांबचं बघतो हे खरं.” त्याच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं. ड्रीपर साफ केले, फिल्टरही.

आता त्याला नवीन नाद लागलाय. मी ड्यूटीवर असताना साडेसहाला फोन करतो, आधी मूठ वळतो आणि म्हणतो, “चौतीस. बघ तुझ्यात किती.” काल तो तेहतीस म्हणाला, माझ्याकडे एकतीस. फोनवरच म्हणाला, “तुझा मीटर परत उकर.” रविवारी उकरणार आहे, कारण सध्या ऊन फार आहे आणि फट पडली असली तर नवल नाही.


आसनगाव लोकल (शहापूर)

भाऊ, वायरचं काय केलं? आमच्या शेजाऱ्यांनी असाच वायरवाला सेट लावला होता, उंदरांनी आठवड्यात कुरतडला.


शनिवारचा शेतकरी (ऐरोली)

आमचाही एकदा कुरतडला, तेव्हा आकडा शून्य दाखवत होता आणि मला रात्री झोप नाही. अर्धा इंची पीव्हीसी पाईपातून वायर घ्या, दोन्ही तोंडं एम-सीलने बंद करा आणि पाईप जमिनीत निदान वीतभर गाडा, नाहीतर निंदणीत खुरप्याखाली येतो. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळं काढून घरी न्या. चिखलणीत पॉवर टिलर फिरला की पाईपही वाचत नाही आणि सेन्सरही.